डॉक्टरनं मनाई केलीय

रतनबाईच्या पायांवर अर्धी वस्ती न्हाली होती. पाटोद्याच्या अलीकडं, सडकेपासून आत, मेंढरं राखणाऱ्यांची ती वस्ती. तिथं बाळ जन्मलं की पहिला निरोप रतनबाईला जायचा. ती न्हाणीच्या दगडावर पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर उताणं घालायची, अंगात तेल जिरवायची, बसकं नाक चिमटीत धरून वर काढायची आणि कढत पाणी ओंजळीतून असं सोडायची की रडणारं पोरही मध्येच थांबून विचारात पडायचं. मग ओव्याची धुरी आणि घट्ट बांधलेलं दुपटं. पोरगं दुपारपर्यंत हूं की चूं करत नसे. अशा बाईला स्वतःचा नातू पायावर घ्यायला मिळणार नाही असं कुणी म्हटलं असतं, तर वस्तीनं त्याला वेड्यात काढलं असतं.

तिची सून मोहिनी. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. मोहिनीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. रतनबाईनं जुनी लुगडी फाडून, धुऊन, बाळोत्यांची चळत रचली. आणि त्याच आठवड्यात तिच्या गालातली जखम आतून बाहेरपर्यंत आली.

जन्मभर मिश्री लावलेली बाई. जखम काय आजची नव्हती, पण बायका दुखणं सांगतात कधी? भाकरीचा घास अडायला लागला तेव्हा कुठं तिनं नवऱ्याला, बंकटला, तोंड उघडून दाखवलं. पाटोद्याच्या डॉक्टरांनी एकदा आत पाहिलं आणि संभाजीनगरची चिठ्ठी दिली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की किरणांचा शेक द्यावा लागेल, रोज, फक्त शनिवार-रविवार सुट्टी, दीड-दोन महिने इथंच राहावं लागेल. रतनबाईनं मात्र एकच विचारलं.

"सुनंच्या बाळंतपणाला मी घरी असन ना?"

"एकही दिवस चुकवला नाही तर असाल," डॉक्टर म्हणाले.

तिला तेवढं पुरलं. पुढं जे काही सोसलं ते तिनं त्या एका वाक्याच्या जोरावर सोसलं.

मेंढरं मुलाच्या, हरिओमच्या हवाली करून दोघं दवाखान्यामागच्या धर्मशाळेत राहिली. बंकटनं आयुष्यात चुलीपुढं फुंकर मारली नव्हती. तो आता स्टोव्हवर पेज शिजवायला शिकला, ती गाळायला शिकला, निववून चमच्यानं भरवायला शिकला. मेंढीचा कान धरून ताप बघायची त्याची सवय. बायकोचाही तो कान धरूनच बघायचा. "मी काय मेंढी हाय का?" ती म्हणायची. "मेंढी बरी, एवढं बोलत न्हाई," तो म्हणायचा. हसताना तिच्या गालाला ओढ बसायची, म्हणून मग त्यानं थट्टा करणं कमी केलं.

रोज तिला टेबलावर झोपवत. तिच्याच तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून तो टेबलाला पक्का करत, म्हणजे मान हलायला नको. मग आतली सगळी माणसं बाहेर येत आणि जाडजूड दरवाजा लागे. बंकट बाकड्यावरून हे रोज बघायचा. त्याला वाटायचं, डॉक्टरसुद्धा जिथं थांबत नाहीत, तिथं माझी बायको एकटी बांधून पडलीय.

हळूहळू गाल काळा पडला, मानेचं कातडं सोलायला लागलं, लाळ घट्ट झाली आणि शब्द जड झाले. वास यायचा. शेजारच्या खाटेवरच्या बायका काही बोलत नसत, पण तोंड पलीकडं करून झोपत.

रविवारी रतनबाई केस विंचरायची. अंबाडा घालायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि धर्मशाळेच्या पायरीवर फाटकाकडं तोंड करून बसायची. आज हरिओम येईल. सुटी आहे, सकाळची एसटी आहे, कावून येणार न्हाई? उन्हं पायरीवरून उतरली तरी ती बसून राहायची.

हरिओम यायचा नव्हता. बंकटला ते माहीत होतं, कारण त्यानं मागच्या अंगणात जाऊन फोन केला होता.

"एकदा येऊन जा लेका. ती वाट बघायलीय."

"आबा, तुमाला खरं सांगू का," हरिओम म्हणाला. "मला ते बघवत न्हाई. जायच्या आधी माय घरात व्हती तव्हाच मोहिनीला त्या वासानं उलट्या व्हायच्या. आता तर तिच्या भिवरामावशी आल्यात बाळंतपणाला, त्या म्हंत्यात असलं दुखणं लागट असतं. तिचं ताट-तांब्या मी बाहेर ठिवलाय. शेक संपला तरी एवढ्यात घरी आणू नका. ऱ्हावा तिकडंच थोडं."

आईनं नऊ महिने पोटात आणि तीन वर्षं कडेवर वागवलेलं हे लेकरू! बंकटला वाटलं फोनमधून हात घालून याची मान धरावी. पण फोनमधून हात जात नाही. तो परत आला, तर ती पायरीवर बसलेली. "काय म्हणला?"

बंकटच्या डोळ्यापुढं तो जाडजूड दरवाजा आला.

"डॉक्टरनं मनाई केलीय," तो म्हणाला. "शेकाची आग अंगात ऱ्हाती म्हणं. पोटुशी बाईला, तिच्या नवऱ्याला, तुझ्याजवळ येऊ द्यायचं न्हाई. पोटातल्या लेकराला धोका. बघतीस ना, समदे कसे बाहेर पळत्यात."

तिनं विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मुलगा येत नाही हे दुःख होतं, आणि बंकटनं एका वाक्यात त्याचं पुण्य करून टाकलं. तिनं स्वतःच फोन मागून घेतला. "लेकरा, तू येऊ नको बरं. डॉक्टरनं सांगितलंय. मोहिनीला जप."

"व्हय माय, व्हय," पलीकडून हरिओम घाईनं म्हणाला. त्याला आयतंच सापडलं.

त्यानंतर रतनबाईला वेगळाच हुरूप आला. रांगेत कुणी पोटुशी दिसली की ही चार हात लांब सरकायची, पोर घेतलेल्या बायांना "माझ्याजवळ बसू नका गं" म्हणून बजावायची. दुखणं आता नातवासाठी होतं. बंकट मनात म्हणायचा, शेक संपला की सांगू, आग निवली, डॉक्टरनं मोकळीक दिली. खोटं त्यानं चढवलं होतं, उतरवायचंही त्याच्याच हातात आहे असं त्याला वाटत होतं.

शेकाच्या यंत्रावर शिवकन्या नावाची एक मुलगी कामाला होती, आपल्याच भागातली, नेकनूरकडची. ती रतनबाईला मावशी म्हणायची. एके दिवशी मुखवटा काढल्यावर दोघी बराच वेळ आत बोलत होत्या. रतनबाई बाहेर आली ती गप्पच. त्या रविवारी तिनं केस विंचरले नाहीत. बंकटला वाटलं, अंगात त्राण उरलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मोहिनीला मुलगा झाला. आणि रतनबाईनं एकही दिवस चुकवला नव्हता.

परतीच्या एसटीत बंकटनं ठरवलेलं सांगून टाकलं. "डॉक्टर म्हणले, आग निवली. आता काही भ्या न्हाई. नातू खुशाल पायावर घे."

रतनबाई खिडकीबाहेर बघत होती. "बरं," एवढंच ती म्हणाली.

बारशाच्या आदल्या दिवशी ती दोघं घरी पोचली. घरी म्हणजे घरात नाही. मेंढरांच्या वाड्याला लागून पेंड ठेवायची पत्र्याची खोली होती, तिथं खाट टाकलेली, वेगळा माठ, वेगळं ताट. हरिओमनं हात न लावता लांबून नमस्कार केला. "डॉक्टरनं सांगितलंय ना," तो म्हणाला, आणि बापाकडं न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. बाळ या हातातून त्या हातात, पाळण्याखालून आणि पाळण्यावरून फिरत होतं. रतनबाई आली. पदर गालावरून ओढून घेतलेला, हात तीन-तीनदा धुतलेले. ती उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबली. बाळ शेजारच्या मंजुळाबाईच्या हातात आलं होतं.

"रतने, घे की गं," मंजुळाबाई म्हणाली. "तुझ्या पायावर पडल्याबिगर ह्याचं नाक सरळ व्हायचं न्हाई."

रतनबाईचे हात पुढं आले. बोटं बाळाच्या दुपट्याला लागणार, तेवढ्यात भिवराबाईनं बाळ ओढून छातीशी धरलं.

"डॉक्टरनं मनाई केलीय!"

"व्हय," हरिओम दारातून म्हणाला. "अंगातून किरणं निघत्यात. वर्षभर." वर्ष त्यानं पदरचं घातलं. मोहिनी पाळण्याची दोरी धरून खाली बघत राहिली.

बंकटचं डोकं सणकलं. गर्दीतून वाट काढत तो पाळण्यापाशी आला.

"कोण डॉक्टर? कुण्या डॉक्टरनं असं सांगितलं न्हाई. मी खोटं बोललो व्हतो. मीच."

"कावून?" मंजुळाबाईनं विचारलं.

बंकटनं मुलाकडं पाहिलं. हरिओमच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. भावकी होती, मोहिनीकडची माणसं होती, सगळी वस्ती होती. आता एक वाक्य बोललं की पोराची लाज चव्हाट्यावर येणार होती आणि आईला कळणार होतं. कळू दे. नातू तर हातात येईल. बंकटनं तोंड उघडलं.

"कारण ह्यानं मला फोनवर..."

"डॉक्टरनंच सांगितलंय," रतनबाई म्हणाली.

शब्द जड होते, पण सगळ्यांना कळले.

"माझ्या कानानं ऐकलंय मी. ह्यांचं काय ऐकताव? दवाखान्यात राहून राहून डोकं फिरलंय ह्यांचं." तिनं हात पदराखाली घेतले आणि पाऊल उंबऱ्याबाहेर काढलं. "माझ्या लेकराला धोका नको."

बायकांनी सुस्कारे सोडले. आजी असावी तर अशी, कुणीतरी म्हणालं. दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. भिवराबाईनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि हरिओमनं आलेल्यांना आग्रह करकरून चहा पाजला.

पंगत उठल्यावर बंकट पत्र्याच्या खोलीत गेला. रतनबाई खाटेवर बसली होती.

"तुला काय येड लागलंय का?" तो ओरडला. "मी समदं निस्तरत व्हतो!"

"हळू बोला."

"एसटीत सांगितलं ना तुला, भ्या न्हाई म्हणून?"

"मला आधीच म्हाइत व्हतं," ती म्हणाली. "मी त्या शिवकन्येला इच्यारलं व्हतं, ही आग कधी निवंल. ती हसली. म्हणली, मावशी, यंत्र बंद झालं की अंगात काहीबी ऱ्हात न्हाई. आजच नातू झाला तर आजच मांडीवर घ्या."

बंकट खाली बसला. तिचे विंचरलेले केस आणि न विंचरलेले केस त्याला एकदम आठवले.

"तवाच मला कळलं, पोरगं कावून येत न्हाई ते," ती म्हणाली. "कुणी सांगाया लागतंय का? ताट-तांब्या तर मी घरी असतानाच त्यानं येगळा काढला व्हता."

"मग मला बोलली कावून न्हाईस?"

"तुमी इतक्या कौतिकानं खोटं बोलत व्हताव." तिनं कष्टानं लाळ गिळली. "आता नीट ऐका. शेकानं माय जळती म्हणून पोरानं तिला भाईर ठिवली, असं वस्ती म्हणंल. मायची घाण आली म्हणून ठिवली, असं म्हणायला नको. तो ह्याच गावात ऱ्हाणार हाय माझ्या मागं. तवा तुमीच सुरू केलंय, तुमीच चालवायचं. कुणी इच्यारलं तर तुमी सांगायचं."

"मला न्हाई जमणार, रतने."

"पेज बी जमत नव्हती."

बंकट तिथंच बसून रडला. घरात बाळ रडत होतं, आणि ते कशानं रडतंय हे रतनबाईला आवाजावरून कळत होतं. "पाणी लई कढत घेतलंय भिवराबाईनं," ती म्हणाली. उठून सांगायला मात्र ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई आली. कडेवर लेकीचं पोर, रडून रडून लाल झालेलं.

"रतने, मला त्या किरणा-बिरणाचं काय कळत न्हाई," ती म्हणाली. "ह्याचं पोट धरलंय. दूधबी घेईना. तुझा हात लागल्याबिगर ऱ्हायचं न्हाई. घे बाई."

रतनबाई खाटेवर होती. पोर दिसल्याबरोबर तिचे पाय आपोआप पुढं पसरले, लुगडं नडग्यांवरून वर सरकलं. पलीकडं ओट्यावर हरिओम तोंड धूत होता, तो तांब्या हातात धरून थांबला. हे पोर तिनं घेतलं तर काल सगळ्यांसमोर सांगितलेलं सगळं खोटं ठरणार होतं. रतनबाईनं पोराकडं पाहिलं, मग बंकटकडं.

बंकट उठला आणि मंजुळाबाईच्या आणि खाटेच्या मध्ये उभा राहिला.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "डॉक्टरनं मनाई केलीय."

मंजुळाबाई रडतं पोर घेऊन परत गेली. ओट्यावर हरिओमनं चूळ भरली. रतनबाईनं पाय जवळ ओढून घेतले आणि लुगडं खाली सारखं केलं.