उघडी काच

हेमकांतने आयुष्यात पहिल्यांदाच गाडीची काच मुद्दाम उघडी ठेवली. तळोद्याच्या जीप-स्टँडवर गाडी लावून तो समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. रस्ता टिपणारा कॅमेरा पुढच्या काचेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात भरेल असा चिकटलेला होता.

एरवी हा माणूस पाच मिनिटं उतरला तरी कॅमेरा काढायचा, वायर गुंडाळायचा आणि काचेवर उमटलेला रबराचा गोल डागसुद्धा फडक्याने पुसायचा. "डाग दिसना का चोरले समजस, कॅमेरा आतच शे," हे त्याने गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याला ऐकवलं होतं. मग कॅमेरा डिकीत, गोणपाटाखाली. लोक हसायचे, पण कॅमेरे हसणाऱ्यांचेच जायचे. या महिन्यात या स्टँडवरूनच तीन गेले होते. म्हणून तर तो इथे आला होता.

चार वाजता इथल्याच पोलीस ठाण्यात कॅमेरा घेऊन हजर व्हायचं होतं.

परवा सकाळी सुकराम पावराची जीप टपावरचं सामान उतरवायला रस्त्यात थांबली होती. सगळ्यांच्या माना वर. हेमकांतला केळी भरायच्या ट्रकची घाई. त्याने डावीकडून गाडी दामटली आणि एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला धक्का बसला. आरशात त्याला म्हातारा जीपच्या चाकापाशी पडलेला दिसला. तो थांबला नाही. सुकरामने मात्र म्हाताऱ्याला उचललं, आपल्याच जीपमधून दवाखान्यात नेलं आणि लोकांनी त्यालाच धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! म्हातारा अजून शुद्धीवर नव्हता. कोठडीतला सुकराम एकच धरून बसला होता: पुढे गेलेल्या पांढऱ्या गाडीत कॅमेरा होता, त्या भाऊंना बोलवा, त्यांनी पाहिलं असेल.

हवालदाराने फोनवर फार अदबीने सांगितलं होतं, "तुम्ही साक्षीदार. फक्त त्यातलं काही पुसू नका, पुसलेलंही कळतं."

येताना तापीच्या पुलावर हेमकांतने कॅमेरा हातात घेतलाही होता. पण हातून सुटेना. आपण टाकला तर आपलं पाप. चोराने नेला तर आपण काय करणार? सुंठीवाचून खोकला जाईल. भित्र्या माणसाला असंच काहीतरी सुचतं, आणि ते त्याला शहाणपणाचं वाटतं.

चहा थंड झाला. चौकटीच्या शर्टातला एकजण गाडीभोवती दोनदा फिरला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीवर कोपर टेकवलं. ने बाबा, एकदाचा घेऊन जा! आपण पाहिलंच नाही असं शपथेवर सांगता यावं म्हणून तो उठला आणि मागे वळून न पाहता बाजारात शिरला.

अर्धा तास तो मिरच्यांचे ढीग बघत हिंडला. ठाण्यात काय बोलायचं ते मनात घोकत होता. 'काय सांगू साहेब, दहा मिनिटांसाठी उतरलो...' साडेतीनला तो परतला तेव्हा लांबूनच त्याला काचेवरची जागा मोकळी दिसली. त्याला हायसं वाटलं.

मग गाडीच्या दाराशी उन्हात बसलेली बाई दिसली. मनगटावर रक्त सुकलेलं, बांगड्या फुटलेल्या. त्याला पाहून ती घाईने उठली.

"भाऊ, तुमनी गाडीनी काच उघडीच ऱ्हायनी," ती म्हणाली. डोंगरातली बाई, अहिराणी जपून बोलत होती. "एक माणूसनी हात घाला. मी सोडाच नही त्याले." तिने पदराची गाठ सोडली. आत कॅमेरा होता. "मी कालीबाई. सुकरामनी बायको. जीपवाला सांगनात, हाईच गाडी शे."

अख्ख्या तळोद्यात गाडी लावायला हेमकांतला सुकरामचाच स्टँड सापडला होता!

कालीबाईने दोन्ही हातांनी कॅमेरा पुढे केला. "घ्या. तुमनी चीज शे. देवमाणूस शेतस तुम्ही, आपला कामधंदा सोडीसन साक्षले उनात. सायेबले दखाडशात ना?"

त्याने कॅमेरा घेतला. ऊन लागून गरम झालेली ती मूठभर डबी. दुसरं कोणी पाहत नव्हतं. गाडीत बसायचं, किल्ली फिरवायची, पुलावर जायचं; या खेपेला कदाचित हात सुटला असता. पण ती देवमाणूस म्हणाली होती, आणि तिच्या मनगटावर माशी बसत होती. हेमकांतला स्वतःची शिसारी आली.

"कालीबाई," तो म्हणाला, आणि आवाज आपलाच आहे की नाही ते त्याला कळेना. "मन्ही गाडीना धक्का लागना त्या म्हाताराले. सुकरामना नही."

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिची नजर उघड्या काचेकडे गेली, तिथून त्याच्या तोंडाकडे आली. काच उघडी का राहिली, ते तिला आता कोणी सांगायची गरज नव्हती.

तिने हात पुढे केला आणि त्याच्या मुठीतून कॅमेरा काढून घेतला.

"मंग हाई मन्हाजोडेच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. पदराला घट्ट गाठ मारून ती ठाण्याच्या रस्त्याला लागली. हेमकांत तिच्या मागून चालू लागला.