शिडीवरचा जावई

एक शिडी. रंगाची बादली. कमरेवर हात ठेवून उभी असलेली जाडजूड बाई. द्राक्षाच्या वेलीवर बसलेली साळुंकी. बुरा आलेल्या लोणच्यासारखा आंबट वास. कात्री.

मित्रांनो, मी एका जुन्या मुक्या विनोदी चित्रपटाची फीत आहे. हे सगळे माझ्याच आयुष्यातले आहे. नीट क्रमाने सांगता येत नाही, कारण मला कापले आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. एक बारीक माणूस घर रंगवायला शिडीवर चढतो, खाली ती बाई उभी असते, आणि तो पडतो. एवढीच माझी गोष्ट. पुष्कळ हातांतून फिरत मी ओतूरच्या दादाभाऊंकडे आले. त्यांचा सिनेमाचा फिरता तंबू होता. आणे गावच्या यात्रेत आमटी-भाकरीची पंगत उठली की माणसे तंबूत शिरत. मोठ्या चित्रपटाच्या आधी मला लावत.

मला आवाज नव्हता. तो दादाभाऊंनी दिला. माइक तोंडाशी धरून ते सांगत, "हे डिंगोरे गावचं पावणं. सासुरवाडीला रंग द्यायला आल्यात. खाली सासूबाई हायेत. पावणं, जपून राव. सासू शिडी धरायची न्हाई, ती नुसती बघायची."

लोक पोट धरून हसत. पडण्याच्या जरा आधी दादाभाऊ गप्प होत. मग हळूच म्हणत, "धरा रं कुणीतरी." सारा तंबू दोन्ही हात पुढे करी. तरी तो पडेच.

खेळ संपला की फितीचा शेवट बाहेरच्या बाजूला राहतो. ती उलटी गुंडाळावी लागते. ते काम दादाभाऊंच्या पत्नी प्रयागबाई करत. शेवटच्या खेळाला वाऱ्याने तंबू फाटला आणि ते काम राहून गेले. पुढे घरोघरी टीव्ही आले. मी माळ्यावर डब्यात आंबत पडले.

यंदा दादाभाऊंचे अर्धे अंग गेले. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलते करा, उशीर करू नका. त्याच सुमारास त्यांचा मुलगा रवींद्र द्राक्षबागेतल्या पाखरांनी मेटाकुटीला आला होता. पाखरे बुजावीत म्हणून आमच्याकडे कॅसेटच्या चकचकीत पट्ट्या बागेत बांधतात. त्याने माझा डबा उघडला. बाहेर होता तो माझा शेवट. कात्री तिथूनच सुरू झाली. आज हातभर, उद्या वावभर.

मला ओरडता येत नव्हते. ज्याच्याकडे माझा आवाज होता, तो माणूस खाटेवरून कात्रीकडे बघत होता. त्यालाही ओरडता येत नव्हते.

अखेर प्रयागबाईंनी पाहिले.

"रवी, काय कापतोय रं?"

"पाखरं लई मातलीत, आई. ही चमकती म्हणून बांधतोय. माळ्यावर कुजतच व्हती की."

"आरं, तुझ्या बापाचा घसा हाय त्यो."

कात्री थांबली. त्या दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. प्रयागबाईंनी मला हलक्या हाताने उलटी गुंडाळली आणि तंबूतल्या जुन्या सिनेमाच्या यंत्रात घातली. मी इतकी कडक झाले होते की यंत्राच्या प्रत्येक दात्यावर तडकत होते. हा माझा शेवटचा फेरा, हे मला कळत होते. भिंतीवर शिडी आली. बाई आली.

"बोला की," प्रयागबाई म्हणाल्या. "सासू उभी हाय बघा. काय म्हनायचा तुमी तिला?"

दादाभाऊंचे ओठ हलले नाहीत. जावई चढला. अजून वर. सगळ्यात वरच्या पायरीवर त्याचा तोल जातो आणि

पांढरी भिंत. माझे तुटके टोक यंत्रात फटफट वाजत राहिले.

तेव्हा खाटेवरून घोगरा आवाज आला. "ध." मग पुन्हा, "धरा."

रवींद्रने दोन्ही हात पुढे केले, लहानपणी तंबूत करायचा तसे. मग तो बागेकडे पळाला. पट्ट्या सोडून घेऊन आला. प्रयागबाईंनी एकेक उजेडात धरली. औषधाच्या फवारणीने आणि दवाने चित्रे पुसून गेली होती. पडणे कुठेच उरले नव्हते.

दादाभाऊ त्यानंतर दुसरा शब्द बोललेले नाहीत. प्रयागबाई रोज विचारतात. माझे डब्यातल्या डब्यात तुकडे पडत आहेत.

मित्रांनो, जुनी वस्तू कापण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. आणि तिच्यात काय आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्याला बोलता येते तोवर विचारा.

जावई पडायचा त्या जागी खाली गादी होती. कापल्या गेलेल्या एका चित्रात तिचे टोक दिसायचे.