साडेसातशेचं दार

तिने तिसऱ्यांदा ‘अनइन्स्टॉल’वर क्लिक केलं आणि दातांत पेन्सिल धरली. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. ‘यशस्वीरीत्या काढून टाकले’ अशी पाटी आली.

“यशस्वीरीत्या म्हणे!” ती पुटपुटली. सकाळपासून दोनदा ही पाटी वाचून झाली होती. काढायचं, पुन्हा टाकायचं, आणि कपाटाचं पहिलं माप लिहायला गेलं की ते मेलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फटकन मिटायचं.

बारा वाजून गेले होते. दवाखान्याच्या औषधखिडकीमागच्या कपाटांची ड्रॉइंग चारच्या आत कटिंगच्या कारखान्यात पोचायला हवी होती. तिथलं मशीन आजच मोकळं होतं आणि कारखानदाराचे दोन फोन येऊन गेले होते. खरं तर एका फोनचं काम होतं. दादाला या सॉफ्टवेअरच्या सगळ्या खोड्या पाठ होत्या. दहा वर्षं दोघं भावंडं याच खोलीत, याच टेबलाच्या दोन बाजूंना बसून लोकांची स्वयंपाकघरं आणि कपाटं काढत आली होती. पण काही झालं तरी त्याला फोन करायचा नाही, असं तिने सात महिन्यांपूर्वी ठरवलं होतं.

सात महिन्यांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली आणि घरात चाकांची खुर्ची आली. तेव्हा दादा म्हणाला होता, “माझं घर तिसऱ्या मजल्यावर. तिला नेऊ तरी कसा?” त्यावर ती म्हणाली होती, “नकोच नेऊस. आईचं मी बघते, ऑफिसचंही मी बघते. तू तुझा जिना सांभाळ.” तो उठला, चष्मा खिशात टाकला आणि गेला. पुढे कुठल्याशा फर्निचरच्या दुकानात नोकरीला लागल्याचं कळलं. दादाने हात झटकले, बरं झालं, माझं काही अडत नाही, असं ती भेटेल त्याला सांगायची. न विचारताच सांगायची.

“झालं का गं?” आतल्या खोलीतून आईने विचारलं.

“होतंय.”

“सकाळपासून होतंयच. त्याला विचार की.”

“कोणाला?”

“मला काय ठाऊक? असेल कोणी जाणता, त्याला.”

तिने कस्टमर केअरचा नंबर लावला, वीस मिनिटं तीच एक धून ऐकली, आणि कानशिलं ठणकायला लागल्यावर पलीकडे एक गृहस्थ आले. जेवून, वामकुक्षी करून बसल्यासारखा निवांत आवाज.

“मॅडम, तुम्ही वरवर काढलंय. सेटिंगचा एक फोल्डर लपलेला असतो, तो तसाच राहतो. नवं टाकलं की जुनं दुखणं पुन्हा तिथूनच येतं.”

“मग सांगा ना तो कुठे आहे ते.”

“सांगतो. घाई करू नका.”

घाई करू नका! एकाला पाच कमी होते. तिने खुर्ची पुढे ओढली, मागे ढकलली, पाय आखडून वर घेतले. ते सांगत गेले तशी ती क्लिक करत गेली, आणि आजवर कधी न दिसलेला एक फोल्डर समोर उघडला.

“आतल्या फायलींवर तारीख कधीची आहे?”

“कालची. दुपारची.” ती थांबली. “पण काल दुपारी मी आईला घेऊन डॉक्टरांकडे होते. कॉम्प्युटर बंद होता.”

पलीकडे कीबोर्ड टकटकला. “तुमच्या अकाउंटवर दोन कॉम्प्युटर आहेत, मॅडम. दुसऱ्यावर जुनी आवृत्ती चालू आहे. त्याच्या सेटिंग आपोआप तुमच्याकडे येतात आणि तुमचं नुकतंच अपडेट झालेलं सॉफ्टवेअर त्या उघडायला जाऊन बंद पडतं.”

अकाउंट दोघांनी मिळून घेतलेलं. दादाने आपल्या लॅपटॉपवरून ते कधी काढलंच नव्हतं तर! तिचं डोकंच फिरलं. म्हणजे हा माणूस तिकडे बसून माझ्या कामात खोडा घालतोय.

“तो दुसरा काढून टाकता येईल?”

“आत्ता येईल. मी लिंक पाठवतो, तुम्ही एक बटण दाबा. फक्त, त्यांनी सेव्ह न केलेलं काही असलं तर ते जाईल.”

“जाऊ दे.”

“मग तुमचा हा फोल्डर डिलीट करायचा. आत काही ठेवण्यासारखं असेल तर एकदा बघून घ्या.”

ठेवण्यासारखं काय असणार? तरी तिने बघितलं. अलीकडे उघडलेल्या फायलींची छोटी छोटी चित्रं होती. औषधखिडकी तिची. तिच्या शेजारची फाइल मात्र तिने काढलेली नव्हती. त्या फाइलीचं नाव होतं ‘आई खोली ७’.

तिने चित्र मोठं केलं. कोपऱ्यात दादाच्या सवयीप्रमाणे अधोरेखित करून लिहिलं होतं, तळमजला. भिंतीला धरून चालायला कठडा. पलंगाच्या बाजूला खुर्ची लावण्यापुरती जागा. दिव्यांची बटणं खाली आणलेली, आणि खिडकीही एवढी खाली, की बसल्या बसल्या रस्ता दिसावा. आधीच्या सहाही होत्या. पहिलीवर तारीख होती सहा महिन्यांपूर्वीची. म्हणजे हात झटकले, हात झटकले म्हणून ती गावभर सांगत होती, तेव्हा हा बसून कठड्याची उंची बदलत होता. तिला फार लाज वाटली. डोळे भरून आले आणि समोरच्या रेघा धूसर झाल्या.

तिने ओढणीने डोळे पुसले आणि मग, धंद्याची सवय, नजर दारावर गेली. ७५० मिलिमीटर. बाहेरची बोळकांडी ९००ची. जुनी खुर्ची वळली असती. पण गेल्याच महिन्यात ती बदलून रुंद चाकांची आणली होती. ती दादाने पाहिलेलीच नव्हती.

“मॅडम? दाबलंत का बटण?”

“नाही.”

“ओळखीचे आहेत का ते?”

“हो. ठेवते मी. पुन्हा लावीन.”

तिने फोन ठेवला. खोलीत एक फेरी मारली, दुसरी मारली. दादाचा नंबर काढला, परत ठेवला, परत काढला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

“आई बरी आहे ना?” त्याचा आवाज चिरकला होता.

“बरी आहे. काही झालं नाही.” ती खुर्चीत बसली. “दादा, जे उघडलं असशील ते सेव्ह कर आणि तुझ्याकडचं सॉफ्टवेअर काढून टाक. तुझ्यामुळे माझं बंद पडतंय. मला चारच्या आत ड्रॉइंग द्यायचंय.”

“बरं.” तो ठेवतोय की काय असं वाटून ती घाईने बोलली.

“आणि दार नऊशेचं कर. साडेसातशेत खुर्ची वळणार नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कोण आहे गं?” आतून आईने विचारलं.

“जुनी तर वळत होती,” तो हळूच म्हणाला. “नवी केवढी आहे?”

“धर जरा. मोजून सांगते,” ती म्हणाली, आणि फोन तसाच कानाला लावून आईच्या खोलीत गेली.