गळका नळ

हाडाचा प्लंबर तो. साऱ्या वस्तीचे नळ त्याच्या एका पान्यात गप्प बसायचे, एक घरचा सोडून. चार महिन्यांत त्याने स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर किती वेळा बदलला, याला गणती नव्हती. दिव्याखाली अंधार, म्हणून शेजारी चिडवायचे. त्यात याने सिगारेट ओठात धरली रे धरली, की आतून बायकोची हाक ठरलेली. "अहो, नळ बघता का जरा?"

"तुझा नळ जीव घेणार माझा एक दिवस," तो करवादायचा. जीव गेला तो तिचाच, झोपेत, काही न बोलता. त्याला पंधरा दिवस झाले होते आणि त्याच्या सिगारेटी पुन्हा विसावर गेल्या होत्या.

त्या दुपारी तिचा फोन वाजला. तो बंद करणं त्याच्याच्याने झालं नव्हतं.

"ताई, बोला! आज कितीदा सैल केलात नळ?" एक मुलगी हसत विचारत होती.

"मी तिचा नवरा. आपण कोण?"

हसू थांबलं. सिगारेट सोडवायच्या हेल्पलाइनवरून फोन होता. "सॉरी हं, काका. ताईंना देता?"

"ती गेली," तो म्हणाला. मग त्यानेच विचारलं, "नळाचं काय म्हणालात?"

मुलगी चाचरत बोलली. "तुम्ही फोनवर यायला तयार नव्हतात ना, म्हणून त्याच फोन करायच्या, दर मंगळवारी. दोन मंगळवार आला नाही, म्हणून आज मीच केला. मी सांगितलं होतं, तलफ चारपाच मिनिटं टिकते, तेवढा वेळ त्यांचे हात गुंतवा. त्या म्हणाल्या, गळका नळ दिसला की आमचे हे सगळं विसरतात. विसाच्या अकरा झाल्या तेव्हा केवढ्या खूश होत्या, काका."

फोन ठेवून त्याने ओटा धुंडाळला. पिठाच्या डब्यामागे छोटा पाना सापडला. तो हरवला म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं आणि ती मुकाट्याने ऐकून घेत होती. पंधरा दिवसांत नळ एक थेंब गळला नव्हता. एवढ्या मोठ्या प्लंबरच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तो तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडला.

रडून झाल्यावर हात सवयीने खिशातल्या पाकिटाकडे गेला. तो उठला, तिच्या पान्याने नळ सैल केला. पाणी ठिबकू लागलं.

"आलो गं, आलो," असं म्हणत तो नळ आवळत राहिला, पाच मिनिटं होऊन गेली तरी.