स्थळप्रत

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये माझं बिऱ्हाड. माझा पंखा घरघरतो, आणि मी सुरू होईपर्यंत लोकांचा चहा पिऊन होतो. पण मी नवा होतो तेव्हा इंद्रायणीबाईंनी मला हळदकुंकू वाहून घरात घेतलं होतं. तो थाट मी विसरलेलो नाही.

बाई मोडनिंबच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान गोपाळराव सोलापुरात एका कचेरीत कारकून. शाळेत फोनला बंदी, म्हणून बाई मधल्या सुट्टीत तिथल्या संगणकावरून यजमानांना मेल धाडायच्या. डबा संपवा, येताना कढीपत्ता आणा, असलंच काहीतरी. गोपाळराव आपला मेल कचेरीत उघडायचे आणि घरी माझ्यावरही. पण तिथं वाचलेलं इथं दिसायचं नाही. मग त्यांची लेक निवेदिता पुण्याहून आली आणि तिनं दोन्ही संगणकांचा मेळ घालून दिला. दोन्हीकडं सारखंच दिसू लागलं. गोपाळराव हरखले, आणि मलाही जरा भाव चढला.

कचेरीतून पाठवलेल्या कागदाची एक प्रत जागेवरच ठेवतात, तिला स्थळप्रत म्हणतात. गोपाळरावांचा जन्म त्यातच गेलेला. त्यांनी मनाशी धरलं, एक प्रत कचेरीत आणि स्थळप्रत घरी.

पुढे आजारपणात बाई गेल्या. शाळेतला त्यांचा मेलचा पत्ताही बंद झाला. राहिले ते गोपाळरावांकडे आलेले मेल. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसून एकेक वाचायचे. घरात बाईंचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

मग ते निवृत्त झाले. कचेरीतला संगणक दुसऱ्याच्या हाती जाणार होता. बायकोचं लिहिलेलं परक्यानं का वाचावं? त्यांनी तिथले सगळे मेल पुसले. माणूस नेटका, कचरापेटीही रिकामी केली. घरी येऊन निरोपाचा हार बाईंच्या फोटोला घातला आणि मला सुरू केलं. मी रोजच्यासारखा मेळ घातला. त्यांच्या डोळ्यांदेखत बाईंचे मेल माझ्यावरूनही गेले. मला थांबता आलं नाही. फार वाईट वाटलं, मित्रांनो.

त्यांनी निवेदिताला फोन लावला. "अगं, घरी स्थळप्रत होती की."

"बाबा, दोन प्रती नव्हत्याच. एकच होती, ती दोन्हीकडं दिसायची."

तिनं जाणकारांना विचारून पाहिलं, पण गेलेलं काही परत आलं नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. आपल्या माणसाचं लिहिलेलं पुसण्याआधी ते दुसरीकडं खरोखर उतरवून ठेवलंय का, ते बघा. आमच्यावर विसंबू नका. पुसायला सांगितलं की आम्ही पुसतो, कुणाचं आहे ते आम्हाला कळत नाही.

हल्ली गोपाळराव आठवतील तसे ते मेल माझ्यावर टाइप करतात. बाई घाईत 'भाकरी'ची 'भारकी' करायच्या, वाक्य अर्धवट टाकून तासाला पळायच्या. यांचा हात कारकुनाचा, एक काना चुकत नाही. काल त्यांनी सगळं लिहून वाचलं आणि हळूच पुसून टाकलं.

"हे तिचं नाही," ते म्हणाले, "माझंच झालं की."