बटण ‘मागे’ होतं

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी बिघडलेलो नव्हतो. एवढं एक वाक्य सांगायला मी किती तडफडलो! पण मुक्या यंत्राचं ऐकतो कोण?

माझं काम तुम्हाला माहीत नसेल. तबकडी फिरते, तिच्यावर सुई टेकते आणि जो आवाज निघतो तो डासाच्या गुणगुणण्याएवढा असतो. तो मी घेतो, मोठा करतो आणि स्पीकरांच्या हवाली करतो. गातात ते, कौतुक होतं त्यांचं, आणि मी कपाटावर बसून नुसता तापतो. चालायचंच.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी मोठा देखणा होतो. लाकडी पेटी, पुढे चकचकीत पत्रा, त्यावर ओळीने बटणं. वजन असं की उचलताना भल्याभल्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघायचं. मला घरी आणलं ते एका पुस्तकं बांधणाऱ्या माणसाने. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

पुढच्या खोलीत मी आणि माझे दोन स्पीकर होतो. मागच्या खोलीत बाबांचं काम चाले. तिथे पुस्तकं दाबायचा प्रेस, सरसाचं भांडं आणि दोऱ्यांची रिळं असत. काम करताना गाणी हवीत म्हणून त्यांनी भिंतीच्या कडेने वायर नेली आणि तिथेही दोन स्पीकर बसवले. माझं एक बटण त्यासाठीच आहे. एकीकडे फिरवलं की आवाज पुढच्या खोलीत, दुसरीकडे फिरवलं की मागच्या. त्यावरची छापील अक्षरं बाबांच्या अंगठ्याने कधीच झिजली, म्हणून त्यांनी कागदाच्या दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, ‘पुढे’ आणि ‘मागे’. बटणही वयोमानाने ताठर झालं होतं. चांगला नेट लावावा लागे, तेव्हा कुठे ते खट्कन फिरे.

बाबांचा माझ्यावर भारी जीव. पण मला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मुलगा माझ्याजवळ आला रे आला की आतून आवाज यायचा, “हळू, गाढवा!” मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याचे केस पिकायला लागले, तरी तेच. “हळू, गाढवा!” त्यामुळे माझी बटणं घरात कोणालाच कळली नाहीत. मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! आता स्वतःचीच चीड येते.

एके सकाळी चहा झाल्यावर बाबांनी माझं बटण ‘मागे’ केलं आणि ते कामाला आत गेले. गाणं चालू असतानाच ते प्रेसपाशी कोसळले. सगळे धावले. सूनबाईंनी घाईघाईत माझी विजेची वायरच भिंतीतून ओढून काढली. बाबा दवाखान्यातून परतले ते चाकांच्या खुर्चीत. उजवा हात गेला होता आणि बोलणंही गेलं होतं. कळत सगळं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मागची खोली रिकामी करून तिथे त्यांचा पलंग टाकला. तिथले स्पीकर मुलाने एका मित्राला देऊन टाकले. सूनबाईंनी घर लख्ख करताना ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं आणि दोन्ही चिठ्ठ्या फडक्याबरोबर गेल्या. “बघा, कसा नव्यासारखा दिसतोय!” त्या म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला असता, पण मला हातही नाही आणि कपाळही नाही.

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येत. त्या चित्रं दाखवत, ओठ हलवून दाखवत. बाबा मान फिरवत. शेवटी बाईंनी मुलाला बाजूला घेतलं. “यांना गाण्याचं वेड होतं ना? मग त्यांची गाणी लावा. बोलणं अडलेला माणूस कधी कधी गाण्याच्या नादाने सुटतो. पण उशीर नको. त्यांनी मन काढून घेतलं तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

मुलाने फोनवर गाणी लावली. बाबांनी डाव्या हाताने फोन ढकलून दिला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

झालं! तिथून माझा छळ सुरू झाला. तबकडी फिरली, सुई टेकली, मी इमानेइतबारे आवाज मोठा केला आणि मागच्या खोलीकडे पाठवला. तिथे होतं काय? भिंतीवर लोंबणारं वायरचं टोक! मुलाने आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. वायरी काढल्या, फुंकल्या, पुन्हा लावल्या. फ्यूज बदलला. मग माझ्या पाठीत दोन थपडा घातल्या. एकदा त्याची बोटं नेमकी त्या ताठर बटणावर आली. मी म्हटलं, सुटलो! त्याने हलकेच फिरवून पाहिलं, ते हललं नाही, तसा त्याने हात मागे घेतला. “नको, उगाच तुटायचं,” तो पुटपुटला. अरे, लाव की जरा जोर!

बाबांचं बोट आधी माझ्याकडे गेलं, मग मागच्या खोलीकडे. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा मागच्या खोलीकडे. याहून स्पष्ट सांगायचं तरी कसं?

“दमलात का, बाबा? झोपायचंय?” मुलाने विचारलं आणि खुर्ची आत नेली. पलंगावर मूठ आपटल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. रोज हाच प्रकार. बाबा बोट दाखवत आणि त्यांना नेऊन झोपवत. आम्हा दोघांनाही दुखणं माहीत होतं आणि दोघांचीही वाचा बंद होती.

मग टीव्ही दुरुस्त करणारा आला. त्याने माझं झाकण काढलं, आत फुंकर मारली, फोनवर कोणाशी तरी भांडला आणि निकाल दिला. “साहेब, हा गेला. आतून सगळा जळालाय. भंगारात काढा.” जळालाय? माझी एक वायर करपली असेल तर शपथ! माझा नुसता तिळपापड झाला.

तो गेल्यावर मुलगा डोकं धरून बसला. “एवढी एकच गोष्ट मागितली त्यांनी,” तो बायकोला म्हणाला, “आणि तीही मला जमत नाही.” इतका वेळ मी त्याच्यावर धुसफुसत होतो, पण तेव्हा मात्र मला त्याची दया आली.

भंगारवाला आला. एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने मुलगा, असं मला उचलून दोघे दाराकडे निघाले. वाटेत बाबांची खुर्ची होती. बाबांनी डावा हात पुढे करून माझं ते बटण गच्च पकडलं.

“सोडा हो, बाबा! बिघडलाय तो. नाही चालत!” मुलाचा आवाज चढला.

बाबा लालबुंद झाले. घशातून नुसती घरघर आली. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला आणि बटण फिरलं. खट्! मग त्यांनी समोरच्या स्पीकरांकडे बोट दाखवलं.

“अहो, थांबा,” सूनबाई म्हणाल्या. “काहीतरी सांगताहेत ते. एकदा लावून तर बघा.”

“किती वेळा लावू?”

“शेवटचं. मग खुशाल जाऊ द्या.”

मुलाने चडफडत मला खाली ठेवलं, वायरी जोडल्या आणि सुई टेकवली. आवाजाचं बटण मात्र तसंच शेवटाला होतं. मी असा काही गरजलो की खिडकीच्या काचा थरथरल्या, भंगारवाला दाराबाहेर पळाला आणि मुलाने दोन्ही हात कानांवर दाबले. त्या कल्लोळात खुर्चीतून आवाज आला. फाटका, अडखळता, पण अगदी स्पष्ट.

“हळू, गाढवा!”

मुलगा खुर्चीपाशी मटकन खाली बसला. तो हसत होता की रडत होता, कोण जाणे. “परत म्हणा, बाबा. परत म्हणा ना!” बाबा मात्र वैतागून माझ्याकडे हात करत होते. आधी तो आवाज कमी कर!

आता सूनबाईंनी नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. बाबा खुर्चीत बसून मुलाकडून माझं एकेक बटण फिरवून घेतात. त्यांचे शब्द अजून मोजकेच आहेत, आणि त्यांत शिव्याच जास्त.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगणारच. पण जपता जपता घरातल्यांना त्या वापरायलाही शिकवा, तुमची बोलती बंद व्हायच्या आत. आणि कोणी मुक्याने बोट दाखवलं, तर ते कुठे जातंय ते आधी नीट बघा. त्याला लगेच झोपवायला नेऊ नका.