एव्हारिस्तो आजोबांचा उंट

लारेडो गावातल्या एका लहानशा वाचनालयात मी मुलांचा विभाग सांभाळायचे. तिथे मानतात की बेथलेहेमच्या बाळाला भेटायला निघालेले तीन राजे सहा जानेवारीला उंटांवरून येतात आणि मुलांच्या बुटांत खाऊ ठेवून जातात. दर शनिवारी आम्ही मुलांना स्पॅनिश पुस्तकं वाचून दाखवायचो, आणि या सणाआधीच्या शनिवारी सोनेरी कागदाचे मुकुटही करायचो.

एव्हारिस्तो आजोबा नातीला, येसेनियाला, घेऊन यायचे. जन्म कांद्याच्या शेतात गेलेला, बोटं जाडजूड, पण कात्री झकास चालायची. मुकुट कापता कापता ते मुलांना दटावायचे, "उंटांना गवत ठेवलंत का रे? उपाशी उंट माझ्या बायकोसारखा असतो, जागचा हलत नाही!"

त्या वर्षी माझा घसा बसला होता. समोर वीसेक मुलं, मागे त्यांचे आईबाप. मी तीन राजांच्या गोष्टीचं पुस्तक आजोबांपुढे धरलं.

"आज तुम्ही वाचा."

"मी? छे हो, बाई! चष्मा घरी राहिला."

"माझा घ्या की!" म्हणत मी स्वतःच तो त्यांच्या नाकावर चढवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता नाही कसं म्हणणार?

त्यांनी पुस्तक उघडलं, चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि सुरुवात केली. तिसऱ्या राजाचा उंट वाटेत एका शेतात शिरला, त्याने पोटभर कांदे खाल्ले आणि तो रडत रडत बेथलेहेमला निघाला. मुलं हसून लोळत होती. मी इतक्या वर्षांत कधी असं वाचलं नव्हतं.

तेवढ्यात आठ वर्षांचा रामिरो त्यांच्या खांद्यावरून डोकावला. "पण इथे कांदे लिहिलेच नाहीयेत!"

येसेनिया ताडकन उठली. "माझ्या आजोबांना वाचता येत नाही! पण त्यांना सगळं येतं!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आजोबांनी चष्मा काढला, नीट मिटून टेबलावर ठेवला. "पोरगी खरं बोलते," एवढंच म्हणाले. उरलेल्या मुलांचे मुकुट कापून दिले, मगच गेले.

पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी कॉफी केली.

"माझं चुकलं, आजोबा."

"तुम्हाला काय ठाऊक, बाई? पोरीला तिची आई आणेल."

"मुलं तुमची आठवण काढतात."

"त्यांना पुस्तकातलंच ऐकू द्या."

पुस्तक राहू दे, तुमचाच उंट सांगा, हे तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मी तुम्हाला वाचायला शिकवते ना!"

त्यांचा चेहरा उतरला. "साखर अजून हवी का?" त्यांनी विचारलं.

वसंतात ते मुलाकडे ह्यूस्टनला राहायला गेले. मला शेजारणीकडून कळलं. तिच्याकडून पत्ता घेऊन मी पत्र लिहायला बसले. दोन ओळी झाल्या आणि लक्षात आलं, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार. कागद फाडला. फोन करू म्हटलं, आणि तो कधी केलाच नाही.